अक्कांचा भविष्यकाळ

हॉटेलच्या तळघरात अक्कांची नोकरी होती. वरच्या सगळ्या मजल्यांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल गाड्यांवर लादून खाली यायचे आणि धुऊन, वाळून, कडक इस्त्री होऊन पुन्हा वर जायचे. भल्या मोठ्या रोलर इस्त्रीच्या तोंडाशी अक्का उभ्या असत. ओलसर चादरीचे दोन कोपरे चिमटीत धरायचे, एक झटका द्यायचा आणि रोलरच्या तोंडी घालायची. चादर पलीकडून पापडासारखी ताठ बाहेर पडायची. अंगाने अक्का किरकोळ, पण मनगटं पैलवानाची. खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण ते फक्त पगाराच्या वेळी कामाला येई.

तळघरातला फोन उचलायचं काम अक्कांचं नव्हतं. पण त्या दिवशी सुपरवायझर बाई जेवायला गेल्या होत्या, बाकीच्या बायका गाड्या घेऊन वर गेल्या होत्या आणि फोन काही थांबेना. अक्कांनी हात पुसून तो उचलला. पलीकडे कुणी परदेशी पाहुणा होता. त्याच्या बोलण्यातला 'टॉवेल' हा शब्द आणि खोलीचा नंबर एवढं अक्कांना कळलं. 'आलेच हं' म्हणावं म्हणून त्यांनी डोक्यातल्या डोक्यात भाषांतर केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आय केम! आय केम!"

मी आले, असं ऐकल्यावर कुणीही दार उघडेल. पाहुण्याने उघडलं. बाहेर कुणी नाही. बिचारा अंघोळीतून तसाच उठून आला होता. त्याने कॉरिडॉरमध्ये डोकावून पाहिलं आणि नेमकं त्याच वेळी समोरच्या खोलीतलं एक वयस्कर जोडपं बाहेर पडलं. पुढे काय झालं ते हॉटेलात बरेच दिवस चवीने सांगितलं जात होतं.

मॅनेजर रागावला नाही. हसून हसून त्याचेच डोळे ओले झाले होते. तो म्हणाला, "अक्का, आपल्याकडे इंग्रजीचा वर्ग सुरू होतोय. तुमचं नाव पहिलं लिहितो."

"अहो साहेब, या वयात?"

"या वयातच. पाहुण्यांची दया येऊ द्या जरा."

वर्ग भरायचा कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात, दुपारची जेवणं आटोपून टेबलं पुसली की. मीटिंगच्या हॉलमधून एक जुना पांढरा फळा आणला होता. त्यावर कुणीतरी कधीतरी चुकीच्या पेनने काढलेला विक्रीचा आलेख काही केल्या पुसला जात नव्हता. शिकवायला आलेल्या बाई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उंच, सडसडीत, उजवा गुडघा आखडलेला. आवाज असा स्वच्छ की मागच्या बाकावरच्या माणसालाही आपल्याशीच बोलतायत असं वाटावं. वर्गात होते मोजके लोक. दोन वेटर, फाटकावरचा दरवान, बागेचा माळी आणि अक्का.

बाईंचा नियम एकच होता. "वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातला राम आंबा खातो, तो मला नको. तुमच्या आयुष्यातलं सांगा. चुकीचं चालेल, खोटं चालणार नाही."

वर्तमानकाळ झाला, भूतकाळ झाला. भूतकाळात अक्का जोरात होत्या. त्यांचे यजमान घरांना रंग द्यायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्याविषयी सांगायला अक्कांकडे वाक्यांची ददात नव्हती. ही पेंटेड हाउसेस. ही सँग लाउडली. ही डिड नॉट पेंट अवर हाउस. या तिसऱ्या वाक्याला सगळा वर्ग हसला, पण ते खरं होतं. दुसऱ्यांच्या भिंती चकाचक करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात एका भिंतीला अस्तराचा पांढरा हात मारला आणि बाकीचं 'बघू' म्हणून सोडून दिलं. सगळ्यालाच बघू म्हणायचे. सुट्टीला जायचं? बघू. दुसरी खोली घ्यायची? बघू. अक्का चिडायच्या, मग हसायच्या. एवढ्या गोड आवाजात बघू म्हणणारा माणूस पुन्हा मिळणार नव्हता.

मग एके दिवशी बाईंनी फळ्यावर भविष्यकाळ लिहिला आणि वर्गाची दांडी गुल झाली.

"एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "आपल्याकडे भविष्याचे लाड असतात. घरातून पाऊल काढलेलं नसतं आणि आपण फोनवर म्हणतो, निघालो. चहा टाकलेला नसतो आणि म्हणतो, झालाच. पुढची गोष्ट झाल्यासारखी सांगितली की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे आधी स्वतःला विचारावं लागतं. हे मी आत्ता या क्षणी ठरवतेय? की आधीच कुणाशी बोलून, वेळ घेऊन पक्कं केलंय? की अजून काही ठरलेलं नाही, पण डोळ्यांसमोर चिन्हं दिसतायत? तिन्हींची वाक्यं वेगळी."

"आणि काहीच ठरलेलं नसेल तर?" अक्कांनी विचारलं.

"तर मग गप्प बसावं लागतं, अक्का."

त्या दिवशी चिन्हांचा धडा होता. आकाश काळं झालंय, म्हणजे पाऊस पडणार. इट इज गोइंग टु रेन. बाई म्हणाल्या, "आता आपापल्या आजूबाजूला बघा. चिन्हं दिसतायत, गोष्ट अजून घडायचीय. सांगा."

माळ्याने सांगितलं, "द रोझेस आर गोइंग टु डाय."

"अहो, असं का?"

"आठवडाभर नळाला पाणी नाही, बाई. चार वेळा सांगून झालं."

दरवानाने आपल्या बुटांकडे बघून सांगितलं की हा डावा बूट आता फाटणार. वेटरांनी एकमेकांविषयी काहीतरी सांगितलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. मग पाळी आली अक्कांची.

अक्का विचार करायला लागल्या. चिन्हं म्हणजे काय, तर आत्ता दिसतंय ते. घरी काय दिसतंय? घरी त्या आणि त्यांची लेक, दोघीच. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. वय तिशी ओलांडलेलं. शांत पोरगी. गेल्या काही महिन्यांत तिने काय काय केलं ते अक्कांच्या डोळ्यांसमोरून सरकलं. विजेचं बिल मोबाइलवरून कसं भरायचं ते तिने अक्कांना हात धरून शिकवलं. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी आणली. डोळ्यांत औषध आपलं आपण कसं घालायचं, ते आरशासमोर बसवून करून घेतलं. हीटरच्या बटणाला लाल ठिपका लावला. घराची एक जास्तीची किल्ली करून शेजारणीकडे ठेवली. प्रत्येक वेळी अक्का म्हणाल्या होत्या, "तू आहेस की, मला कशाला शिकवतेस?" आणि प्रत्येक वेळी लेक म्हणाली होती, "असू दे. येत असलेलं बरं."

"अक्का?" बाईंनी विचारलं.

"माय डॉटर," अक्का म्हणाल्या आणि थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "माय डॉटर इज गोइंग टु लीव्ह मी."

माझी मुलगी मला सोडून जाणार आहे. बाईंनी वाक्य फळ्यावर लिहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "बरोबर आहे. व्याकरण बरोबर आहे," आणि वर्ग लवकर सोडला.

अक्का खाली आल्या. चादरी घालत राहिल्या. आपल्या तोंडून हे काय बाहेर पडलं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. कारण गोष्ट नवीन नव्हती. दोन वर्षांपूर्वी लेकीने सरळ सांगितलं होतं. दुकानात एक लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक यायचा. त्याची बायको आजारपणात गेलेली, पदरात एक लहान मुलगी. त्या छोटीचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, म्हणून तो तिला घेऊन दांड्या वाकवून घ्यायला यायचा. पुढे चष्मा अगदी फिट्ट बसायला लागला, तरी यायचाच. लेक म्हणाली होती, "आई, तो विचारतोय. मलाही आवडतो." आणि अक्का काय म्हणाल्या होत्या? "बघू."

अगदी त्याच गोड आवाजात. यजमान गेले, पण त्यांचा शब्द अक्कांच्या जिभेवर येऊन राहिला होता. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की हा माणूस आळशी आहे म्हणून बघू म्हणतो. आता रोलरसमोर उभं राहून त्यांना पहिल्यांदा कळलं की यजमानांना नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायची भीती वाटत होती. एवढंच होतं ते. अक्कांना नवऱ्याची दयाही आली आणि मायाही दाटून आली.

पुढच्या वर्गात ठरवून ठेवलेल्या गोष्टींचं वाक्य होतं. आय ॲम मीटिंग, शी इज कमिंग. बाई म्हणाल्या, "हे वाक्य फुकट मिळत नाही. दुसऱ्या माणसाशी बोलणं झालेलं पाहिजे. कधी, कुठे, कुणाबरोबर, मी विचारलं की उत्तर यायला पाहिजे."

दरवान म्हणाला, "टुमारो आय ॲम स्टँडिंग."

"कुठे?"

"फाटकावर."

"कुणाबरोबर?"

"कुणीच नाही हो बाई. तेच तर दुःख आहे."

हसण्याचा भर ओसरल्यावर बाई अक्कांकडे वळल्या. अक्कांनी मान हलवली. "बाई, माझ्याकडे असं एकही वाक्य नाही. माझं काहीच ठरलेलं नाही. ड्यूटी सोडली तर."

"मग ठरवून या," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्गाला आणा. मी थांबते."

या 'मी थांबते'चं अक्कांना फार वाटलं. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा लेक कांदा चिरत होती. अक्कांनी चपला काढल्या आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून विचारलं, "ते तुझे लिफ्टवाले, रविवारी मोकळे असतात का?"

लेकीचा हात थांबला. "का गं?"

"चहाला बोलाव. छोटीलाही."

"आई, तुला कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही. मला गृहपाठ आहे."

"कसला गृहपाठ?"

"इंग्रजीचा. वेळ सांग बाई, वेळ लागते त्या वाक्याला. चारला चालेल?"

लेक सुरी खाली ठेवून आईकडे बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "कांदा फार तिखट आहे." आणि फोन करायला बाहेर गेली.

अक्का वर्गात गेल्या त्या ताठ मानेने. "ऑन संडे, अ मॅन इज कमिंग टु माय हाउस."

"व्हॉट टाइम?" बाईंनी विचारलं.

"फोर ओक्लॉक."

"विथ हूम?"

"विथ हिज डॉटर. ॲण्ड हर चष्मा."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. वेटरांनी स्वयंपाकघरातून खालून जरासा करपलेला केक आणून दिला. म्हणाले, "करपलेली बाजू खाली ठेवा, अक्का, कळणार नाही."

रविवारी लिफ्टवाला वेळेआधी येऊन जिन्यातच उभा राहिला होता म्हणे, चार वाजायची वाट बघत. आला तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, आता उठायचंय अशा बेताने. धिप्पाड माणूस, हातांना ग्रीसचा वास, आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला. छोटी मात्र दोन मिनिटांत घरची झाली. तिने पांढऱ्या भिंतीकडे बघून विचारलं, "ही एकच भिंत का पांढरी आहे?"

"आमच्या घरातले पेंटर थकले," अक्का म्हणाल्या.

"मग बाकीच्या कुणी केल्या?"

"त्या कुणीच नाही केल्या."

छोटीला हे पटलं. तिने केक उलटा करून करपलेली बाजू आधी खाल्ली.

लिफ्टवाल्याने कप खाली ठेवला. "मला बोलता येत नाही फारसं," तो म्हणाला. "तुमची हरकत असेल तर आम्ही अजून थांबू. घाई नाही. पण तुमच्या मनात काय आहे ते कळलं तर बरं होईल."

अक्कांच्या जिभेवर तो शब्द आला. अगदी ओठांपर्यंत आला. लेक दारात उभी होती, ट्रे दोन्ही हातांनी धरून, आणि आईकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "माझी हरकत कधी नव्हतीच. मला भीती होती, ती वेगळी."

"कसली भीती?"

"हीच. संध्याकाळी घरी यायचं आणि कुलूप आपण उघडायचं."

लिफ्टवाला म्हणाला, "मला माहीत आहे ते. मी तीन वर्षं उघडतोय." त्याने सांत्वन केलं नाही, तुम्ही आमच्याकडेच येऊन राहा असं वरवरचं काही बोलला नाही. अक्कांना तो तेव्हाच आवडला.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. दरवान, माळी, दोन्ही वेटर आणि बाई असा अख्खा वर्ग हजर होता. माळ्याने गुलाब आणले, म्हणजे नळाला पाणी आलं असावं. लेक सासरी गेली ती काही सातासमुद्रापार नाही, बसने वीस मिनिटांवर. पण वीस मिनिटं असोत नाहीतर वीस तास, रिकामं घर ते रिकामं घरच. पहिले काही दिवस अक्का घरी आल्या की आधी रेडिओ लावायच्या आणि मग दिवा. वर्गात एकदा त्या म्हणाल्या, "आय विल लिव्ह अलोन."

बाईंनी विचारलं, "हे 'विल' ठरवल्याचं आहे की घाबरल्याचं?"

"आत्ता तरी घाबरल्याचंच आहे, बाई. पण वाक्य खरं आहे ना?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "राहू दे."

पुढे बाईंनी आणखी एक भविष्यकाळ शिकवायचा प्रयत्न केला. अमुक वेळ येईल तोवर तमुक झालेलं असेल, असा काहीतरी पुढे जाऊन मागे बघणारा प्रकार होता. तो कुणाच्याच डोक्यात शिरला नाही. माळी म्हणाला, "बाई, तोवर आम्ही रिटायर झालेले असू." ते वाक्य मराठीत अगदी बरोबर होतं, म्हणून बाईंनी तो धडा तिथेच संपवला.

आणि मग हिवाळ्याच्या सुरुवातीला बाई वर्गात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज पहिलं वाक्य माझं. आय ॲम हॅविंग ॲन ऑपरेशन ऑन ट्यूसडे." गुडघ्याचं ऑपरेशन, मंगळवारी, पक्कं ठरलेलं. एवढ्या महिन्यांत बाईंनी स्वतःविषयी एकही वाक्य सांगितलं नव्हतं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

"कुठे?" अक्कांनी विचारलं. नियम नियमच होता.

बाईंनी हॉस्पिटल सांगितलं.

"कुणाबरोबर?"

बाई फळ्यावरचा तो जुना आलेख पुसायला लागल्या. "तिथे नर्सेस असतात की. आणि घरी आल्यावर काय, मी जन्मभर एकटीच आहे. सवय आहे."

"आय विल कम," अक्का म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी जुळवलं नव्हतं. कुणाशी बोलणं झालेलं नव्हतं, रजा काढलेली नव्हती, लेकीला विचारलेलं नव्हतं. त्या क्षणी ठरलं आणि त्या क्षणी तोंडातून निघालं. बाईंनी मागे वळून बघितलं. मग पेन उचलून त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

अक्का गेल्या. रजा मॅनेजरने न कुरकुरता दिली. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन लहान खोल्या, पुस्तकं, आणि कोपऱ्यात एक काळा जुना टेलिफोन, जो बंद पडून जमाना झाला होता, तरी बाई त्यावरची धूळ रोज पुसायच्या. अक्कांनी चादरी बदलल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "असा पलंग मला हॉटेलातसुद्धा मिळाला नसता." लिफ्टवाल्याने येऊन न्हाणीघरात धरायला दांडा बसवून दिला. त्या इमारतीची लिफ्ट महिनोन्‌महिने बंद होती. ती त्याच्या कंपनीची नव्हती, तरी त्याने रीतसर परवानगी काढून दोन रविवार खपून ती चालू केली. लेक डबा पाठवायची. छोटी बाईंच्या उशाशी बसून शाळेचं पुस्तक मोठ्याने वाचायची आणि बाई डोळे मिटून तिचे उच्चार सुधारायच्या.

एका सकाळी बाई काठी घेऊन पहिल्यांदा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. अक्का मागे हात पसरून, न शिवता, त्यांच्याबरोबर चालत होत्या. खिडकीशी पोहोचल्यावर दोघी टेकल्या.

"अक्का," बाई म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. कुणाचा मुलगा, कुणाची आई. जोडून दिली की आपण कान काढून घ्यायचा, हा नियम. माझ्याकडे कुणाची लाइन लागेल असं मला वाटलं नव्हतं."

अक्कांनी उशीचा अभ्रा काढला, झटकला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही त्या दिवशी मी थांबते म्हणाला होतात ना, ठरवून या म्हणून? माझ्यासाठी तसं कुणी थांबलं नव्हतं. तेवढ्यावर माझ्या लेकीचा संसार उभा राहिला. मला हे इंग्रजीत सांगता यायचं नाही."

"मराठीत कळलं मला," बाई म्हणाल्या.

अक्का अजून त्याच तळघरात आहेत. इंग्रजी त्यांची फार पुढे गेली असं नाही. मॅनेजर अजून त्यांना बघून गालात हसतो. पण आता त्यांच्या आठवड्यात ठरलेल्या गोष्टी असतात. गुरुवारी बाईंबरोबर कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालणं, शनिवारी छोटीला शाळेतून आणणं, रविवारी सगळ्यांचं जेवण, कधी लेकीकडे, कधी बाईंच्या तिसऱ्या मजल्यावर. परवा लेकीने फोन करून विचारलं, "आई, पुढच्या महिन्यात आम्ही चार दिवस समुद्रावर जातोय. बाई पण येतायत. तू येतेस ना?"

"तारीख सांग," अक्का म्हणाल्या आणि पेन शोधायला लागल्या.